बिटाची बरणी

रविवारी दुपारी बरणीचं झाकण काही केल्या उघडेना. व्हिनेगरमधल्या बिटाची ती काचेची बरणी, इकडच्या सुपरमार्केटात लोणच्यांच्या रांगेत अगदी खालच्या फळीवर असते, आमच्या घरात ती मी एकटाच खातो, वरणभाताबरोबरसुद्धा, बायकोला तर त्याचा वासही सहन होत नाही. तर मी फडकं गुंडाळून पिळतोय, गरम पाण्याखाली धरतोय, चमच्याच्या दांड्यानी कडेला ठोकतोय, आणि पोरगा समोर टेबलाशी मान घालून बसलेला. सकाळीच त्याला फुटबॉलच्या कोचचा मेसेज आला होता, पुढच्या सीझनच्या टीममध्ये त्याचं नाव नाही. कोच भला माणूस, मेसेजही भला होता, थँक्यू होतं, बेस्ट ऑफ लक होतं, सगळं होतं, फक्त नाव नव्हतं. आणि मी, हातात नेमकी बिटाची बरणी होती म्हणून असेल नाहीतर बापाला गप्प बसवत नाही म्हणून असेल, सुरू झालोच, अरे तो इंग्लंडचा स्ट्रायकर रिकी लॅम्बर्ट, त्याला पण पंधराव्या वर्षीच काढून टाकलं होतं, तुला माहितीये ना तो बिटाच्या फॅक्टरीत...

"बाबा, मला पाठ आहे ते." आणि खरंच धडाधडा म्हणून दाखवलं त्यानी, शाळेत पाढे म्हणतात तसं. लिव्हरपूलनी काढला, ब्लॅकपूलनी काढला, बिटाची झाकणं, मॅकल्सफील्ड, स्टॉकपोर्ट, रॉचडेल, ब्रिस्टल, साउथॅम्प्टन, वेम्बली स्टेडियम, इंग्लंडकडून पहिल्याच मॅचला गोल. मग वर बघून म्हणाला, "पण तू दर वेळी वेम्बलीलाच का थांबतोस? नंतर तो लिव्हरपूलला परत गेला होता ना? तिथं काय झालं त्याचं?"

मी म्हणलं, आधी जेवून घे.

त्या "आधी जेवून घे"ला आता तीन आठवडे झाले. बरणी त्या दिवशी उघडली शेवटी, बिटं संपत आली, पण प्रश्न तसाच घशात अडकलाय. कारण पोरगा बरोबर बोलला. दहा वर्षं मी ही गोष्ट सांगतोय, इकडच्या मराठी मंडळाच्या गणपतीत सांगितलीये, नोकरी गेलेल्या मित्राला फोनवर सांगितलीये, बारावीत घसरलेल्या पुतणीला सांगितलीये, आणि प्रत्येक वेळी मी वेम्बलीच्या स्टेशनावर उतरून जातो. गाडी पुढं जाते. मी जात नाही.

मी इंग्लंडात साउथॅम्प्टनला आलो २००९ च्या ऑगस्टमध्ये. शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत सहा वर्षं काढून, कास्टिंगच्या क्वालिटीचं काम, इकडच्या कंपनीला जहाजांच्या इंजिनांसाठी तसला माणूस पाहिजे होता. गाव नवीन, बायको अजून तिकडेच, संध्याकाळी खोलीत मी आणि मायक्रोवेव्ह. आता कोल्हापूरचा माणूस म्हणजे फुटबॉल रक्तात वगैरे मी म्हणणार नाही, पण शाहू स्टेडियमच्या पायऱ्या झिजवलेल्या आहेत, पाटाकडील विरुद्ध खंडोबा अशी तालमींची मॅच असली की आई घरातनं निघतानाच विचारायची कुठल्या बाजूला बसणार आहेस म्हणून. आणि इथं येऊन बघतो तर काय, इथल्या फुटबॉल टीमचं टोपणनाव सेंट्स, १८८५ साली चर्चच्या मंडळींनी काढलेला क्लब म्हणून. म्हणजे संतमंडळीच की. आणि संतांची अवस्था त्या साली अगदी अभंगात असते तशी. दिवाळखोरीच्या काठावरनं परत आलेले, तिसऱ्या पायरीच्या लीगमध्ये घसरलेले, वर दंड म्हणून दहा पॉइंट कापलेले, म्हणजे सीझन सुरूच उणे दहापासून. मार्कुस लिबहेर नावाच्या स्विस उद्योगपतीनी क्लब घेतला म्हणून दिवे तरी लागत होते.

ऑफिसात एक रिटायरमेंटला आलेला म्हातारा होता, त्याच्या भावाचं शेजारचं सीझन तिकीट रिकामं होतं, त्यानी मला नेलं. सेंट मेरीज म्हणजे त्यांचं स्टेडियम, इचेन नदीच्या काठाला, बाहेर गाड्यांवर कांदा परतल्याचा वास, चिप्सवरचं व्हिनेगर, डोक्यावर समुद्रपक्षी किंचाळतायत. लोक मैदानाकडं बघण्याआधी एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करत होते, आजारी माणसाला भेटायला आल्यासारखी. आणि मग तो दिसला. दहा लाख पौंडाच्या आसपास देऊन ब्रिस्टल रोव्हर्सकडून आणलेला नवा स्ट्रायकर, वय सत्तावीस. मला वाटलं चुकून कुणी भलताच माणूस आत सोडलाय. उंच, आडवा, जरा पोट असलेला, लग्नात पंगत वाढायला शर्टाच्या बाह्या वर करून उभा राहिलेला मामा असतो ना, तसा. धावायचा पण तसाच, हातात आमटीची बादली असल्यासारखा. मॅनेजर ॲलन पार्ड्यूनी आल्या आल्या त्याला वजन उतरव म्हणून सरळ तोंडावर सांगितलं होतं म्हणे. म्हातारा शेजारनं म्हणाला, मागच्याच्या मागच्या वर्षी ह्याच गड्यानी एफए कपमध्ये आम्हाला घालवलं, रोव्हर्सकडून फ्री किक मारून, तेव्हापासून मी ह्याच्यावर चिडलेलो आहे. मग जरा थांबून म्हणाला, बरं झालं घेतला.

आणि मग लांबनं एक बॉल त्याच्याकडं आला, उंच, वेडावाकडा, मागे एक दांडगा डिफेंडर पाठीला चिकटलेला. त्यानी छाती नुसती जराशी आत घेतली. बॉल तिथंच विरघळला. खाली पडेपर्यंत त्यानी न बघताच बाहेरच्या बाजूनी धावत आलेल्या पोराच्या पायात तो सोडलासुद्धा. एवढ्या अंगाच्या माणसाला एवढी हळुवार गोष्ट करताना बघून मला का कोण जाणे आमच्या गल्लीतला एक तांबट आठवला, हात नांगराच्या फाळासारखे आणि त्या हातांनी तांब्याला ठोके असे द्यायचा की एका रांगेत मोत्यासारखे बसायचे. लोक लॅम्बर्टचे गोल मोजतात, मोजायलाच पाहिजेत, पहिल्याच सीझनला लीगमध्ये ३० मारले त्यानी, पण मला विचाराल तर गोलपेक्षा तो छातीवरचा बॉल. त्याच्या भोवती ॲडम ललाना, मॉर्गन श्नायडरलँ असली पोरं खेळत होती, विशी-एकविशीची, ती सगळी त्याच्याभोवती झाडाभोवती खेळावं तशी खेळायची.

पेनल्टीबद्दल बोललं नाही तर म्हातारा वरनं बघतोय, त्याला राग येईल. साउथॅम्प्टनसाठी लॅम्बर्टनी ३४ पेनल्टी मारल्या आणि ३४ च्या ३४ आत. ह्या गावाला तशी त्यातली सवय होती, सेंट्सच्याच जुन्या मॅट ल टिसिएनी ४८ पैकी ४७ मारलेल्या, आणि इथले लोक ती एक हुकलेली घरातल्या जुन्या दुखण्यासारखी सांगतात. पण ३४ पैकी ३४. चांगला लांबनं धावत यायचा, गोलकीपरशी नाटक नाही, मध्येच थबकणं नाही, सरळ जोरात. पेनल्टी मिळाली की आख्खं स्टेडियम उभं राहायचं आणि आमचा म्हातारा खाली बसायचा, मांडीवर मफलर पसरायचा आणि घडी घालायला लागायचा, निवांत, इस्त्रीवाल्यासारखी. आवाज झाला की मान वर. तो म्हणायचा, झालेल्या गोष्टीकडं काय बघायचं. मला आज इतक्या वर्षांनी त्या पेनल्ट्यांपेक्षा ती घडीच जास्त आठवते, लाल-पांढरी, चौकोन करत करत लहान होत जाणारी.

तर गोष्ट. ज्यांना माहितीये त्यांनी हा पॅरा सोडला तरी चालेल. जन्म १९८२ चा, लिव्हरपूलच्या शेजारचं कर्बी गाव, कामगारांची वस्ती. घरादारानी लिव्हरपूलचे. दहाव्या वर्षी लिव्हरपूलच्या पोरांच्या टीममध्ये घेतला आणि पंधराव्या वर्षी सोडून दिला. (गंमत म्हणजे पुढं क्लबनी नवी अकॅडमी बांधली ती नेमकी कर्बीतच.) मग ब्लॅकपूल. तिथनंही सुट्टी. अठरा-एकोणीस वर्षांचा, क्लब नाही, मॅकल्सफील्डवाल्यांनी सरावाला ये म्हणून सांगितलं पण पगार नाही, मग खर्चाला म्हणून बिटाच्या कारखान्यात लागला, बरण्यांना झाकणं लावायला. दिवसाचे वीस पौंड. मग मॅकल्सफील्डनी घेतला, तिथनं २००२ मध्ये तीन लाख पौंडाला स्टॉकपोर्ट, स्टॉकपोर्टला मिडफिल्डमध्ये बिडफिल्डमध्ये कुठंही खेळवला आणि त्याचं काही जमेना, मग एक पायरी खाली रॉचडेल. तिथं त्याच्या जोडीला ग्रँट होल्ट होता, तो पण टायरच्या फॅक्टरीत काम करून आलेला, म्हणजे एका टोकाला टायर आणि दुसऱ्याला बीट. २००६ ला ब्रिस्टल रोव्हर्स, दोन लाख. तिथं २००८-०९ ला लीगमध्ये २९ गोल. आणि मग आमच्याकडं.

मला ह्या सगळ्यात नेहमी ती झाकणंच दिसतात. कारण ते काम मला माहितीये, म्हणजे झाकणाचं नाही पण त्याच जातीचं. फाउंड्रीत पहिले सहा महिने मला फेटलिंगला ठेवलं होतं, कास्टिंगच्या कडा ग्राइंडरनी घासायच्या, एक झाला की दुसरा, पट्ट्यावरनं येतच राहतात. पहिले चार दिवस हात दुखतात. पाचव्या दिवशी हात दुखायचे थांबतात आणि मग खरा त्रास, कारण हातांना तुमची गरज उरत नाही. डोकं मोकळं. ते कुठंही जातं. रिकीचं कुठं जात असेल ते वेगळं सांगायला नको. आणि बिटाचा रंग, तो तर निघत नाही, नखांच्या कडांना दोन दोन दिवस राहतो, म्हणजे संध्याकाळी मॅकल्सफील्डच्या सरावाला जाताना बूटाची नाडी बांधणारी बोटं जांभळी असतील का त्याची? झाकणं लावणाऱ्याच्या बोटांना रस लागतोच असं नाही म्हणा. मला आपली उगीच जांभळीच दिसतात.

आणि त्या पट्ट्यावर त्याच्या शेजारी कोण उभं होतं, हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही, कारण मला ते माहीत नाही आणि कुणालाच नाही. आमच्या पेठेत एक होता, नाव नको, माझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनी मोठा, डाव्या पायानी असा बॉल वळवायचा की स्टेडियमातले म्हातारे उठून टोप्या उडवायचे. मुंबईच्या एका टीमनी बोलावला. आख्खी गल्ली स्टँडवर सोडायला गेली, हार काय, पेढे काय. आठ महिन्यांनी तो परत आला, कुणी काही विचारलं नाही, त्यानी काही सांगितलं नाही. पुढं बरीच वर्षं तो तालमीच्या कट्ट्यावर बसून लहान पोरांच्या बुटांना स्टड बसवून द्यायचा, पैसे घ्यायचा नाही. त्याची गोष्ट मी मराठी मंडळाच्या गणपतीत सांगत नाही.

असो. सेंट्स २०११ ला एक पायरी वर गेले, लॅम्बर्टनी वजन कधीच उतरवलेलं, २०१२ ला अजून एक वर, त्या सीझनला त्याचे लीगमध्ये २७. प्रीमियर लीगमधली पहिली मॅच थेट चॅम्पियन मँचेस्टर सिटीच्या घरी, आणि त्याला बेंचवर बसवलेला. तिशी ओलांडलेला माणूस आयुष्यात पहिल्यांदा ह्या दर्जाला पोचलाय आणि बसलाय. उतरवला आणि चारपाच मिनिटांत गोल. हरलो आम्ही ३-२ नी, पण म्हातारा सोमवारी ऑफिसात टाय घालून आला. त्या सीझनला प्रीमियर लीगमध्ये इंग्लिश खेळाडूंमध्ये सगळ्यात जास्त गोल कुणाचे, तर १५, लॅम्बर्ट आणि फ्रँक लॅम्पार्ड बरोबरीत. आणि ऑगस्ट २०१३ मध्ये इंग्लंडचं बोलावणं आलं, बायकोला मुलगी झाली त्याच दिवशी.

वेम्बली. १४ ऑगस्ट २०१३, समोर स्कॉटलंड. माझं पोरगं तेव्हा तीन वर्षांचं, दात का कान का काहीतरी दुखत होतं, ते माझ्या खांद्यावर अर्धवट झोपलेलं, मी टीव्हीचा आवाज बंद करून हॉलमध्ये फेऱ्या मारतोय. २-२. रूनीला बाहेर काढून लॅम्बर्टला आत पाठवला. मी फेऱ्या थांबवल्या. तीन मिनिटंही झाली नसतील, कॉर्नर, लेटन बेन्सनी मारला, आणि तो अख्खा देह गर्दीतनं वर उठला, कपाळ, जाळी. आवाज बंद होता टीव्हीचा, त्यामुळे घरात आवाज झाला तो फक्त माझा. पोरगं दचकून उठलं आणि भोकाड पसरलं, बायको धावत बाहेर आली, काय झालं काय झालं, आणि मी रडणाऱ्या पोराला घेऊन नाचतोय. हे मी त्याला इतक्या वेळा सांगितलंय की त्याला आता वाटतं त्याला ते आठवतं.

तर हे वेम्बली. इथं थांबायला काय हरकत आहे, तुम्हीच सांगा.

पुढचं असं की २०१४ च्या जूनमध्ये, वर्ल्ड कपच्या तोंडावर, लिव्हरपूलनी त्याला विकत घेतला. चाळीस लाख पौंड. काढून टाकल्याला सतरा वर्षं झाली होती. साउथॅम्प्टनकडून त्याचे २३५ मॅचमध्ये ११७ गोल झालेले, दुसरा कुणी गेला असता तर आम्ही तोंडाला काळं फासलं असतं, त्याच उन्हाळ्यात ललाना आणि लव्रेनही तिकडंच गेले आणि त्यांना बरंच ऐकायला लागलं. पण रिकीवर कुणाला चिडता येईना. म्हातारा म्हणाला, पोरगी सासरी जाते तेव्हा रडतात, माहेरी जाते तेव्हा रडत नाहीत. म्हणजे त्यानी त्याच्या भाषेत काहीतरी असलंच म्हणलं, मी आपल्या भाषेत करून घेतलं. मी तर त्या दिवशी कोल्हापुरात भावाला फोन करून सांगितलं, त्याला काय घेणं न देणं, तो म्हणाला बरं बरं, आई कशी आहे ते विचार की आधी.

वर्ल्ड कपमध्ये त्याला उरुग्वेविरुद्ध शेवटची दोनचार मिनिटं मिळाली. तिथनं आल्यावर त्यानी आराम केला नाही, लिव्हरपूलला तयार होऊन जायचं म्हणून उन्हाळाभर नुसता व्यायाम, आणि सीझन सुरू झाला तेव्हा पाय जड, हे त्यानीच नंतर सांगितलं. ही गोष्ट मला फार लागते. आयुष्यभर त्याला अंगावरनं बोलले आणि ज्या वर्षी त्यानी अंग सगळ्यात जास्त झिजवलं त्याच वर्षी अंगानी दगा दिला. लिव्हरपूलसाठी पहिली मॅच कुणाशी, तर साउथॅम्प्टनशीच, लिव्हरपूलच्या घरी ॲनफिल्डवर, शेवटी शेवटी उतरवला. मी टीव्हीसमोर एकटाच उभा राहून टाळ्या वाजवल्या आणि मग आम्ही २-१ नी हरलो. सुआरेझ बार्सिलोनाला गेलेला, स्टरिज दुखापतीत, बालोटेल्लीचं कशात काही नाही, म्हणजे जागा होती, तरी ती त्याची होईना. टीम पळणारी होती. बॉल छातीवर घेऊन थांबणाऱ्या माणसाभोवती कुणी झाडाभोवती खेळावं तसं खेळत नव्हतं. सगळे त्याच्या बाजूनी सुसाट निघून जायचे आणि तो हातात आमटीची बादली घेऊन मागे.

नोव्हेंबरमध्ये क्रिस्टल पॅलेसला दुसऱ्याच मिनिटाला गोल केला. पास ललानाचा, आमच्याच ललानाचा, लांबनं उंच टाकलेला, आणि तसाच उतरवून घेतलेला. लिव्हरपूलच्या जर्सीतला पहिला गोल. त्याच्या तोंडाकडं बघवत नव्हतं इतका आनंद. मॅच लिव्हरपूल हरलं ३-१. दुसऱ्या दिवशी पेपरात पराभवाच्या बातमीत तो गोल एका ओळीचा. सगळे मिळून ३६ मॅच, ३ गोल. जानेवारीत पॅलेसला तो पाहिजे होता, तो गेला नाही. लोक म्हणाले बेंचवर बसायला राहिलाय. मला वाटतं त्याला तिथनं दुसऱ्यांदा निघायचं नव्हतं, पहिल्यांदा काढलं तेव्हा विचारलं नव्हतं, ह्या वेळी निदान विचारत होते. एका वर्षानी वेस्ट ब्रॉम, लीगमध्ये एक गोल. मग कार्डिफ, चार. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये निवृत्ती. त्यानंतर सोशल मीडियावर कोविडच्या काळात वगैरे तो जे काय बोलत राहिला ते मला अजिबात पटत नाही, पण ते असू दे, मी त्याच्याकडं छातीवर बॉल कसा घ्यायचा ते बघायला जात होतो, डॉक्टरकीला नाही.

हे झालं त्याचं. आता मी का थांबतो ते.

२०१६ साली मलाही माझ्या लिव्हरपूलनी बोलावलं होतं. शिरोलीत एक कारखाना, एक्स्पोर्टचं मोठं काम, त्यांना परदेशात राहून आलेला माणूस क्वालिटीला हेड म्हणून पाहिजे. पगार इकडच्याच्या निम्मा पण तिकडं तो चिकार. आईचे गुडघे गेलेले. बायको तयार, पोरगा सहा वर्षांचा, मराठी शाळा मिळेल, पन्हाळ्याची हवा मिळेल. आम्ही इथलं सगळं विकून टाकलं, सोफा, सायकली, पुस्तकांची कपाटं. म्हाताऱ्यानी निरोपाला मला तो मफलर दिला, घडी घातलेला. आणि मी चौदा महिन्यांत परत आलो.

काय झालं असं विचारलं तर काहीच झालं नाही. कारखान्यात कुणी वाईट वागलं नाही. माझे सगळे रिपोर्ट वाचले जायचे, छान आहे साहेब म्हणायचे, आणि माल होता तसा निघायचा. मीटिंगला बोलवायचे, पाहुणे आले की पुढं बसवायचे, निर्णय मात्र आदल्या दिवशी चहाच्या टपरीवर झालेला असायचा. माझे पाय जड झालेले का त्यांची टीम पळणारी होती, अजून कळलेलं नाही. घरी तर अजून सगळं चांगलं. भावानी इतकी वर्षं घर सांभाळलेलं, दुधाचा हिशोब, गॅसचा नंबर, आईच्या गोळ्यांच्या वेळा सगळं त्याला आणि वहिनीला माहीत. मी काही करायला उठलो की, अहो भावजी तुम्ही बसा. आईसाठी डॉक्टर ठरवला तर तो आधीच बघून झालेला. आणि सकाळचा चहा. सगळ्यांना रोजच्या स्टीलच्या पेल्यात, आणि मला कपाटातल्या वरच्या फळीवरचा तो निळ्या फुलांचा कप, बशीसकट. पहिल्या दिवशी वाटलं लाड आहे. महिन्याभरानी म्हणलं, आई मला पेला दे की. ती म्हणाली, अरे असू दे, तुला तिकडं कपाचीच सवय. चौदा महिने मी त्या कपातनं चहा प्यालो. एकदाही पेला आला नाही.

परवा रात्री पोरगा पाणी प्यायला उठला, मी स्वयंपाकघरात होतो, झोप येत नव्हती, बरणीतले शेवटचे दोन तुकडे खात उभा. मी म्हणलं, बस, लिव्हरपूलला काय झालं ते सांगतो. आणि सांगितलं, पॅलेसचा गोल सांगितला, तीनच गोल ते सांगितलं, जड पाय सांगितले. त्यानी लगेच मोबाइलवर तो गोल काढला, दोनदा बघितला, तिसऱ्यांदा बॉल पायावर येतो तिथं थांबवला आणि मोठा करून बघितला. म्हणाला, फर्स्ट टच बघ. मी म्हणलं, बघतोय. मग मी, म्हणजे मला वाटलं आता बोलायलाच लागलोय तर, म्हणलं की आपण पण परत गेलो होतो ना कोल्हापूरला, तुला आठवतं का काही?

त्यानी बराच वेळ विचार केला. दळणाचं एक कुत्रं आठवतं म्हणाला, म्हणजे गिरणीतलं. गच्ची आठवते. आजीच्या खोलीत शेकायच्या तेलाचा वास. मग म्हणाला, "आणि चहा. आजी मला अर्धा पेला चहा द्यायची ना, चोरून, मम्माला सांगू नको म्हणून. काकाच्या आणि माझ्या पेल्यावर नाव होतं, टोचून टोचून काढलेलं."

"तुझं नाव?"

"हो. आजीनी घालून घेतलेलं बाजारातनं. तुझ्यावर नव्हतं?"

मी म्हणलं, माझा कप होता. तो म्हणाला, अच्छा, आणि परत गोल बघायला लागला. त्याला बरणीतला शेवटचा तुकडा विचारला, त्यानी आयुष्यात पहिल्यांदा घेतला, तोंड वाकडं केलं, पण गिळला. जांभळं बोट टीशर्टला पुसून वर झोपायला गेला, सकाळी आई ओरडणार. मी रस सिंकमध्ये ओतला, बरणी विसळली, सवयीनी झाकण फिरवून ठेवलं. जास्तच घट्ट बसलं बहुतेक, सकाळपासून बायको फडकं घेऊन त्याच्याशी झटतीये, तिला त्यात मेथ्या भरून ठेवायच्यात.